७० टक्के, पण कशाचे?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

२९ ऑक्टोबरच्या जागतिक स्ट्रोक दिनाच्या निमित्ताने आपल्या आरोग्य पुरवणीत जो लेख आला होता तो मी दोनदा वाचला. लेख चांगलाय, सोप्या भाषेत लिहिलाय, तोंड वाकडं होणं हात लुळा पडणं वगैरे लक्षणं नीट दिलीयेत, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्यात एक वाक्य आहे की मानेतल्या रक्तवाहिनीत ७० टक्क्यांपेक्षा जास्त ब्लॉक असेल तर ऑपरेशनचा विचार करावा, आणि तेवढं सांगून लेखकाने गाडी पुढे काढली. ७० टक्के कशाचे, कुठल्या मशीनवरचे, पट्टी कुठे लावून मोजले, काही नाही. आता कोणी म्हणेल आजोबा पेपरातल्या लेखात एवढं खुसपट कशाला काढताय, तर त्या टक्क्यांच्या आकड्यापायी आमच्या घरात अकरा दिवस जो गोंधळ झाला तो सांगितल्याशिवाय मला राहवत नाहीये म्हणून हे पत्र. लांब होणार आहे, कात्री लावायची तर शेवटाकडचं ठेवा आणि माझं रामायण कापा.

मी डॉक्टर नाही हे आधीच सांगतो. पाटबंधारे खात्यात ३४ वर्षं काढली, त्यातली निम्मी कालव्यावर पाणी मोजण्यात गेली. पाणी किती वाहतंय हे डोळ्याने कळत नाही, त्यासाठी किती खोल, किती रुंद आणि किती वेगाने हे तिन्ही लागतं, आणि कुठे उभं राहून मोजलं हे गेजच्या वहीत लिहावं लागतं, नाहीतर साहेब वही तोंडावर फेकायचे. पावसाळ्यात आपल्याच पेपरात येतं की खडकवासल्यातून एवढे एवढे क्यूसेक विसर्ग सुरू, भिडे पूल पाण्याखाली. उद्या तुम्ही नुसतं छापलंत की 'मुठा ७० टक्के भरली', तर नदीकाठचा माणूस विचारणारच ना की कुठे? विठ्ठलवाडीला की संगमावर, आणि ७० म्हणजे रुंदीच्या की खोलीच्या? मानेच्या रिपोर्टात मात्र हे कोणी विचारत नाही. आम्हीही आधी विचारलं नव्हतं.

झालं असं की माझे थोरले बंधू, आम्ही दादा म्हणतो, वय ७४, शुगर आहे, बीपी आहे, तंबाखू चोळायची सवय पन्नास वर्षांची. एका रविवारी सकाळी पेपर वाचत बसले होते, उजव्या हातातून पेपर गळून पडला, वाकून उचलायला गेले तर बोटं ऐकेनात, वहिनींना हाक मारायची तर जीभ जड. दहा-पंधरा मिनिटांत सगळं जागेवर आलं. वहिनी म्हणाल्या रात्री झोप नाही झाली म्हणून असेल, दादांनी आंघोळ केली, पूजा केली, जेवून झोपले, आणि आम्हाला हे कळलं बुधवारी, तेही बोलता बोलता. हे असं दहा मिनिटांत बरं होणारं प्रकरण म्हणजे डॉक्टर ज्याला टीआयए म्हणतात ते, आणि त्यानंतरचे पहिले काही दिवसच सगळ्यात धोक्याचे असतात हे आम्हाला फॅमिली डॉक्टरांनी त्या दिवशी चांगलं झापून सांगितलं. त्यांनी तिथल्या तिथे गोळ्या सुरू केल्या आणि मानेचा डॉपलर करायला पाठवलं. उजवा हात म्हणजे मेंदूची डावी बाजू, म्हणजे मानेतली डावी कॅरोटिड धमनी, ही गोष्ट तेव्हा पहिल्यांदा कळली.

डॉपलर म्हणजे आपली सोनोग्राफीच, फक्त मानेला जेल लावून. सुई नाही, डाय नाही, किरण नाहीत, वीस मिनिटांत मोकळं. संध्याकाळी रिपोर्ट आला, डाव्या बाजूला अंदाजे ९० टक्के अरुंद. पुतण्याने त्याचा फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकला आणि मग काय विचारता, नाशिकच्या आत्यापासून सगळे डॉक्टर झाले, ९० टक्के म्हणजे आता दहाच टक्के उरलं, ताबडतोब ॲडमिट करा. एका मोठ्या हॉस्पिटलात गेलो, नाव लिहीत नाही, तिथल्या काउंटरवरच्या मुलीने रिपोर्ट बघून आधी मेडिक्लेम आहे का विचारलं आणि मग स्टेंटचा अंदाजे खर्च सांगितला, डॉक्टर भेटायच्या आधी. आत जे डॉक्टर होते ते मात्र सरळ होते, ते म्हणाले नुसत्या डॉपलरवर मी काही करणार नाही, सीटी अँजिओ, म्हणजे शिरेत डाय सोडून रक्तवाहिन्यांचा सीटी स्कॅन, करून आणा. किडनीचं क्रिएटिनिन १.४ होतं, डाय द्यायची की नाही यात एक दिवस गेला, मग भरपूर पाणी प्यायला लावून शनिवारी सीटी झाली. रिपोर्ट, ६० टक्के. खाली एक ओळ, भिंतीत कॅल्शियम बरंच असल्यामुळे मोजमापाला मर्यादा आहेत. आता ९० खरं का ६०? म्हणून मंगळवारी एमआर अँजिओ, म्हणजे रक्तवाहिन्यांचा एमआरआय, यावेळी डाय नको म्हणून बिनडायची. दादा त्या बोगद्यात अर्धा तास, बाहेर आले तेव्हा घामाघूम. रिपोर्टात टक्केच नाहीत, 'तीव्र अरुंदपणा, त्या जागी प्रवाह दिसत नाही'. वीस हजारांच्या वर पैसे गेले, तीन कागद हातात, तीन वेगळी उत्तरं, आणि दादा म्हणतात मला काही झालंच नाहीये, तुम्ही सगळे मिळून मला आजारी पाडताय.

अकराव्या दिवशी एक व्हॅस्क्युलर सर्जन भेटले, ओळखीतून, नाव त्यांचंही लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. त्यांनी तिन्ही कागद टेबलावर पसरले, सीटीच्या सीडीतली चित्रं कॉम्प्युटरवर उघडली, माउसने तीन ठिकाणी रेघा मारल्या आणि प्रिस्क्रिप्शनच्या मागच्या बाजूला तीन आकडे लिहिले. जिथे सगळ्यात अरुंद आहे तिथली उरलेली वाट, २ मिलिमीटर. त्याच्या वर, जिथे नळी पुन्हा सरळ आणि निरोगी होते तिथला व्यास, ५ मिलिमीटर. आणि जिथे ब्लॉक आहे तो सुरुवातीचा फुगवटा मुळात केवढा असावा त्याचा अंदाज, ८ मिलिमीटर, कारण मानेतली मोठी धमनी जिथे दोन फाट्यांत फुटते तिथे निसर्गतःच एक फुगवटा असतो आणि चरबीचा थर बरोब्बर तिथेच बसतो. मग मला म्हणाले, काका तुम्ही पाणीवाले ना, आता तुम्हीच टक्के काढा.

काढले. आपल्या वाचकांनीही कागद घेऊन काढावेत, पाचवीतलं गणित आहे. पाचाच्या जागी दोन उरले म्हणजे ६० टक्के गेले. आठाच्या जागी दोन उरले म्हणजे ७५ टक्के गेले. आता व्यास सोडा आणि क्षेत्रफळ धरा, गोल नळीचं क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने जातं, तर पाचाच्या हिशोबाने ८४ टक्के गेले आणि आठाच्या हिशोबाने जवळपास ९४. धमनी तीच, माणूस तोच, उरलेली वाट तीच दोन मिलिमीटर, आणि उत्तरं ६०, ७५, ८४, ९४. चारही बरोबर! आमच्या डॉपलरवाल्याने नळीच्या आडव्या छेदाचं क्षेत्रफळ मोजून अंदाजे ९० लिहिलं होतं आणि क्षेत्रफळाचे टक्के आहेत हे लिहायचं राहिलं होतं. सीटीवाल्याने वरच्या सरळ भागाशी तुलना करून ६० लिहिलं होतं. दोघांपैकी कोणी चुकलं नव्हतं, फक्त एकाने फुटात मोजलं आणि एकाने मीटरमध्ये, आणि दोघांनीही एकक लिहिलं नाही.

आता यातलं कुठलं धरायचं याला उत्तर आहे, आणि तेच त्या लेखात यायला हवं होतं. ते ७० टक्के आकाशातून पडलेले नाहीत. उत्तर अमेरिकेत एक मोठा अभ्यास झाला, नॅसेट म्हणतात त्याला, १९९१ साली त्याचे आकडे आले. ज्यांना टीआयए किंवा छोटा स्ट्रोक नुकताच होऊन गेलाय आणि त्या बाजूची धमनी ७० ते ९९ टक्के अरुंद आहे अशा लोकांत नुसत्या औषधांवर दोन वर्षांत २६ टक्क्यांना त्याच बाजूचा स्ट्रोक आला आणि ऑपरेशन करून आतला थर काढला त्यांच्यात ९ टक्क्यांना. एवढा मोठा फरक औषधाच्या जगात क्वचित दिसतो म्हणून ७० ही रेघ जगभर झाली. पण त्या अभ्यासात टक्के मोजले होते वरच्या निरोगी सरळ भागाशी तुलना करून, व्यासाचे, क्षेत्रफळाचे नाही. युरोपातला जो समांतर अभ्यास होता त्यात फुगवट्याच्या मूळ रुंदीशी तुलना केली होती, त्यामुळे युरोपचे साधारण ८२ टक्के म्हणजे नॅसेटचे ७०. मग ७० ची रेघ वापरायची तर पट्टीही त्याच अभ्यासाची पाहिजे. ५० ते ६९ च्या पट्ट्यात ऑपरेशनचा फायदा आहे पण बराच कमी, त्याच अभ्यासाचे १९९८ चे आकडे आहेत, पाच वर्षांत २२ विरुद्ध साधारण १६ टक्के. म्हणजे दादा ९० आहेत की ६० हा काही पुणेरी वादाचा विषय नव्हता, त्यावर मान कापायची की नाही ते ठरणार होतं.

मग मी घरी येऊन काय केलं तर डॉपलरच्या रिपोर्टाबरोबर ज्या काळ्या चकचकीत कागदाच्या पट्ट्या देतात ना, चित्रांच्या, ज्या आपण कधी बघत नाही, त्या खिडकीत उजेडात धरून भिंगाने बघितल्या. आणि एका चित्राच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात सापडलं, पीएसव्ही, म्हणजे रक्ताचा सगळ्यात जोराचा वेग, १८८ सेंटिमीटर प्रति सेकंद. मला तर जुना मित्र भेटल्यासारखं झालं. वेग! म्हणजे मोजला होता, मशीनने छापला होता, फक्त रिपोर्टाच्या निष्कर्षात लिहिला नव्हता.

डॉपलरचा खरा आकडा टक्के नाहीच, वेग आहे. अंगणात पाणी मारताना नळीच्या तोंडावर अंगठा दाबला की पाणी जोरात लांब जातं, तसं जिथे धमनी अरुंद तिथे रक्त जोरात. डॉपलर नावाच्या ऑस्ट्रियन माणसाने १८४२ साली सांगितलं की जवळ येणाऱ्या आणि लांब जाणाऱ्या गोष्टीच्या लहरी बदलतात, शिवाजीनगर स्टेशनवर न थांबता जाणाऱ्या गाडीची शिट्टी जशी जाताना बदलते, त्याच्यावर हे मशीन चालतं, रक्ताच्या पेशींवर आवाज आपटून परत येतो त्यावरून वेग काढतं. अमेरिकेतल्या रेडिऑलॉजिस्ट लोकांनी एकत्र बसून रेघा आखल्या आणि २००३ साली छापल्या त्या ढोबळमानाने अशा की सगळ्यात जोराचा वेग १२५ च्या खाली असेल तर ५० टक्क्यांहून कमी, १२५ ते २३० असेल तर ५० ते ६९, आणि २३० च्या वर गेला तर ७० किंवा जास्त, आणि सोबत थर किती दिसतोय तेही बघायचं. आणि हे टक्के नॅसेटच्या पट्टीचे. दादांचे १८८. म्हणजे मधला पट्टा. म्हणजे पहिल्याच दिवशी, बुधवारी संध्याकाळी, सीटीशी जुळणारं उत्तर त्या काळ्या पट्टीवर छापलेलं होतं आणि आम्ही नव्वदच्या नावाने सहा दिवस धावत होतो.

आता मी डॉपलरची भलामण करतोय असं वाटेल, तसं नाहीये, वेग मोजणाऱ्याला वेगाच्या खोड्या माहीत असतात. एक म्हणजे कोन. मशीनला सांगावं लागतं की रक्ताच्या दिशेशी आवाजाचा किरण किती कोनात आहे, आणि ६० अंशांच्या वर कोन गेला की भरवसा संपला. कोसाइनचं कोष्टक काढून बघितलं तर खरा कोन ६० आणि सोनोग्राफी करणाऱ्या बाईंनी चुकून ६५ ला रेघ लावली तर वेग १८ टक्के जास्त दाखवतो, पाच अंशात १८ टक्के! तोच घोटाळा ४० च्या जागी ४५ असा झाला तर फक्त ८ टक्के. दुसरं म्हणजे दुसऱ्या बाजूची धमनी पूर्ण बंद असेल तर सगळा भार या बाजूवर येतो आणि इथे वेग उगाच वाढतो, लक्ष्मी रोड बंद केला की कुमठेकर रोडवर जे होतं ते. म्हणूनच खालच्या मोठ्या धमनीतला वेगही मोजून दोघांचं गुणोत्तर काढतात, चारच्या वर गेलं तर ७० च्या वर धरतात. दादांचं अडीचच्या आसपास निघालं. उलटा प्रकारही आहे, हृदयाची झडपच अरुंद असेल किंवा पंपच कमजोर असेल तर वेग सगळीकडेच कमी. आणि सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे धमनी जवळजवळ बंद झाली, केसाएवढी वाट उरली, तर वेग वाढायच्या ऐवजी पडतो, अंगठा पूर्ण दाबला की धार तुटून नुसतं टपकतं तसा. तिथे नवखा माणूस 'पूर्ण बंद' लिहून मोकळा होतो, आणि पूर्ण बंद धमनीचं सहसा ऑपरेशन करत नाहीत, त्यामुळे हा फरक फार महागात पडू शकतो. अशा वेळी दुसरं मशीन लागतंच.

आपल्या पुण्याचंच उदाहरण देतो. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून शहरात जमिनीखालून पाणी आणलं, त्या नळाला मधे मधे उच्छ्वास बांधलेत, दगडी मनोऱ्यासारखे, वरून आत डोकावता येतं. डॉपलर म्हणजे उच्छ्वासावर कान लावणं. पाणी इथे जोरात जातंय का थांबलंय ते उत्तम कळतं, पण कात्रजपासून काळ्या हौदापर्यंत मधे अजून कुठे दगड पडलाय ते कळत नाही. मानेत मधला थोडासाच भाग सोनोग्राफीला दिसतो. खाली छातीच्या हाडामागे आणि वर कवटीच्या आत काही दिसत नाही, आणि आपल्या भारतीय लोकांत कवटीच्या आतल्या धमन्या अरुंद होण्याचं प्रमाण गोऱ्यांपेक्षा जास्त असतं असं सर्जन म्हणाले. मानेचा डॉपलर नॉर्मल म्हणजे सगळं नॉर्मल असं समजू नये ते म्हणून.

सीटी तिथे सरस. छातीतून निघते तिथपासून मेंदूपर्यंतची अख्खी वाट काही सेकंदात, फाटा मानेत किती उंचावर आहे, वळणं कुठे आहेत, सर्जनला जे पाहिजे ते सगळं. पण किरण आहेत, आयोडिनची डाय आहे, किडनी बघावी लागते. आणि कॅल्शियम. थरात चुना साचलेला असला की तो सीटीवर आहे त्यापेक्षा फुगून पांढरा धगधगीत दिसतो आणि उरलेली वाट झाकून टाकतो, स्क्रीनची उजेड-अंधाराची सेटिंग बदलली की दोन मिलिमीटरचे अडीच होतात, हे मी स्वतः त्या खोलीत बघितलं. दादा म्हणाले पन्नास वर्षं तंबाखूला चुना लावला तो मानेत जाऊन बसला की काय. तसं नसतं हो, पण हसलो सगळे, अकरा दिवसांत पहिल्यांदा.

एमआरच्या बाबतीत उलटं. कॅल्शियम तिला आडवं येत नाही, पण बिनडायच्या एमआरमध्ये रक्त वाहतंय म्हणून ते उजळ दिसतं, आणि अरुंद जागेच्या पुढे जिथे भोवरे होतात तिथे ते उजळणं बंद पडतं. मग चित्रात धमनी तुटल्यासारखी दिसते. बंधाऱ्याच्या तोंडाशी फेस होतो आणि तिथे पाण्याचा वेग मोजणारं करंट मीटर वेडंवाकडं फिरतं, आम्ही तिथलं रीडिंग घ्यायचोच नाही, तसलाच प्रकार. म्हणजे 'प्रवाह दिसत नाही' याचा अर्थ प्रवाह नाही असा नव्हता, खळखळ आहे असा होता. गॅडोलिनियमची डाय देऊन केली तर हा घोटाळा बराच कमी होतो, पण किडनी फारच खराब असेल तर ती डायसुद्धा जपून, आणि पेसमेकर असेल तर आधी सांगायचं. थराच्या आत रक्तस्राव झालाय का, म्हणजे तो ठिसूळ आहे का, हे मात्र एमआरसारखं दुसऱ्या कशाला कळत नाही, आणि नुसत्या टक्क्यांपेक्षा ते पुढे जाऊन महत्त्वाचं ठरेल असं मला आपलं वाटतं.

राहिली जुनी अँजिओग्राफी, जांघेतून किंवा मनगटातून वायर घालून करतात ती. पोर्तुगालच्या मोनिश नावाच्या डॉक्टरने १९२७ साली लिस्बनमध्ये जिवंत माणसाच्या मेंदूच्या धमन्या पहिल्यांदा एक्सरेवर दाखवल्या तेव्हापासूनची. अजूनही शेवटचा शब्द तिचाच मानतात कारण नॅसेटचे टक्के तिच्यावरच मोजलेले. मी विचारलं मग पहिल्यापासून तीच का नाही केली, एका फटक्यात निकाल. तर सर्जन म्हणाले काका, तिच्यात वायर धमनीत फिरते, थराचा कण सुटला तर तपासणीनेच स्ट्रोक. १९९५ च्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात हा धोका १.२ टक्के निघाला होता. हातात कला असेल तर कमी असतो, पण शून्य नाही. आता ती बाकीच्या तपासण्या एकमेकींशी भांडायला लागल्या किंवा स्टेंटच टाकायचा असला तरच करतात.

कोण किती बरोबर याचा हिशोब लोकांनी केलेला आहे. २००६ साली लॅन्सेट या वैद्यकीय साप्ताहिकात बऱ्याच अभ्यासांची गोळाबेरीज आली, ७० ते ९९ टक्क्यांचा खरा रोगी ओळखण्यात डायवाली एमआर १०० पैकी ९४ वेळा बरोबर, डॉपलर ८९, बिनडायची एमआर ८८, आणि सीटी ७६. सीटी सगळ्यात मागे बघून मला आश्चर्य वाटलं, पण ती मशीनं वीस-पंचवीस वर्षांपूर्वीची, आणि सीटीने उगाच रोग नसताना रोग आहे म्हणायचं प्रमाण तिथे सगळ्यात कमी होतं. खरी मेख पुढे आहे. ५० ते ६९ च्या पट्ट्यात, म्हणजे दादा जिथे आहेत तिथेच, माहिती तुटपुंजी आणि भरवशाची नाही असं त्यांनी स्वतःच लिहिलंय. म्हणजे जिथे निर्णय अवघड तिथेच मशीनं डळमळीत. म्हणून दोन वेगवेगळ्या जातीच्या तपासण्या, एक वेगाची आणि एक चित्राची, आणि दोन्ही एकाच पट्टीत जुळल्या तर पुढे जायचं, हा त्या सर्जनचा नियम मला इंजिनिअरिंगच्या बुद्धीलाही पटला. आमच्या दोन जुळल्या होत्या. पण ते कळायला अकरा दिवस गेले, आणि ऑपरेशन करायचंच झालं तर त्याचा जास्तीत जास्त फायदा पहिल्या दोन आठवड्यांत असतो, पुढे तो घटत जातो. माझा राग पैशाचा नाहीये, या दिवसांचा आहे.

तर माझी शहरातल्या सोनोग्राफी आणि स्कॅन सेंटरवाल्यांना हात जोडून विनंती आहे, आणि संपादक महोदय तुम्ही ती ठळक छापावी. मानेच्या डॉपलरच्या निष्कर्षात टक्क्यांच्या शेजारी तीन गोष्टी लिहा. सगळ्यात अरुंद जागेचा वेग, खालच्या मोठ्या धमनीतला वेग, आणि टक्के व्यासाचे आहेत की क्षेत्रफळाचे. सीटी-एमआरमध्ये किती मिलिमीटर उरलंय आणि कशाशी तुलना केली ते. एक ओळ जास्तीची होईल. बरीच चांगली सेंटर्स लिहितातही, मी नंतर ओळखीच्यांचे चार-पाच रिपोर्ट मागवून बघितले त्यातल्या दोघांच्यात सगळं व्यवस्थित होतं, नॅसेटचं नावसुद्धा. म्हणजे अवघड नाहीये. आणि पेशंटच्या लोकांनी काउंटरवरच विचारावं, हे टक्के कशाचे? चिडतील, चिडू द्या.

आणखी एक, जाता जाता. हल्ली सकाळी पर्वतीच्या पायथ्याशी चेकअप पॅकेजची पत्रकं वाटतात त्यात मानेचा डॉपलर फुकट, सोबत साखर आणि कोलेस्टेरॉल. ज्याला काहीच त्रास नाही त्याने असा सरसकट डॉपलर करू नये असं अमेरिकेच्या सरकारने नेमलेल्या प्रतिबंधक तपासणी समितीने २०१४ ला सांगितलं आणि २०२१ ला पुन्हा सांगितलं, कारण त्यातून स्ट्रोक वाचण्यापेक्षा उगाचची पुढची तपासणी आणि उगाचचं ऑपरेशन जास्त होतं. पर्वती रोज चढणाऱ्या माझ्या एका मित्राने केलाय, ४० टक्के आलेत, आता तो पर्वती चढत नाही, घरात बसून मान चाचपत असतो. ४० टक्के कशाचे ते त्यालाही माहीत नाही. उलट ज्याचा हात पाच मिनिटं लुळा पडला, बोलताना शब्द फुटेना, एका डोळ्यापुढे पडदा पडल्यासारखं होऊन गेलं, त्याने बरं वाटलं तरी त्याच दिवशी हॉस्पिटल गाठावं, आमच्यासारखं बुधवारची वाट बघू नये.

दादांचं पुढे ऑपरेशन झालं की गोळ्यांवर भागलं ते मी मुद्दाम लिहीत नाही, कारण वाचणारा लगेच म्हणेल त्यांचे ६० होते त्यांनी असं केलं मग आपणही तसंच करू, आणि त्याचे ६० बहुतेक क्षेत्रफळाचे निघतील. दादा बरे आहेत एवढं पुरे. तंबाखू सुटलीये, निदान आमच्यासमोर तरी. सहा महिन्यांनी पुन्हा डॉपलर आहे, त्याच सेंटरला, शक्यतो त्याच बाईंकडे, म्हणजे वेगाची तुलना वेगाशी होईल. त्या काळ्या पट्टीची मी झेरॉक्स काढून फाइलला लावलीये, कारण तो कागद उन्हाने पुसट होत जातो, आणि १८८ आत्ताच थोडा फिका दिसायला लागलाय.

आपला,
पाटबंधारे खात्यातला एक निवृत्त कर्मचारी,
सदाशिव पेठ, पुणे ३०